जिभेला टोचतंय ते पांढरं काय?

«डॉक्टर, आम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले. आईचं वय ६८. चार महिन्यांपूर्वी तिची खालची डावीकडची मागची दाढ हलायला लागली म्हणून काढून घेतली. ती जखम अजून भरली नाही. जिभेच्या बाजूला पांढरट, खरखरीत काहीतरी वर आलंय आणि भोवती लाल झालंय. जीभ लागली की टोचतं म्हणते, जेवायचं टाळते. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, बी-कॉम्प्लेक्स झालं, तोंडात लावायचं मलम झालं. एक जण म्हणतात दाढेचा तुकडा आत राहिलाय. दुसरे म्हणतात, मिसरी लावते ना, मग हा कॅन्सरच. आई मिसरी लावते, पण थोडीच. साखर आहे, गोळी चालू आहे. घरात दोन तट पडलेत, थोरले कोल्हापूरला न्या म्हणतात, धाकटे गोव्याला. त्या बाजूच्या उरलेल्या दाढा काढून टाकल्या तर बरं होईल काय?

ता. क. दोन-तीन वर्षांमागं तिचा मणका दबला होता. तेव्हापासून वर्षातून एकदा सलाईनमधून हाडं भरायचं इंजेक्शन देतात. तीन झालीत, चौथं पुढच्या महिन्यात आहे. ते दिलं तर चालेल ना?»

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही ता. क. म्हणून शेवटी लिहिलीय. तुम्हाला दोष देत नाही ओ, सगळेच असं करतात. माझ्या स्वतःकडून झालेली चूक सांगतो म्हणजे कळेल.

बऱ्याच वर्षांमागं हुक्केरीकडच्या एक मावशी दाढ काढायला आल्या होत्या. रिवाजाप्रमाणं मी विचारलं, «औषधं कुठली चालू आहेत?» त्या म्हणाल्या, «बीपीची एक, दुसरं काही नाही.» मी दाढ काढली. सहज निघाली, मी खूश, त्याही खूश. तीन महिन्यांनी परत आल्या तेव्हा दाढेच्या जागी हाड उघडं पडलेलं होतं. तेव्हा कुठं त्यांच्या मुलीनं पिशवी उलटी केली आणि वर्षातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं कार्ड बाहेर आलं. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. वर्षातून एकदा घेतलेलं औषध कुणाच्या मनात «चालू» नसतंच. चालू म्हणजे रोज सकाळी चहानंतर घेतात ते. चूक माझ्या प्रश्नात होती. त्या दिवसापासून मी विचारतो, «गेल्या पाच-सात वर्षांत हाडांसाठी सलाईन, पोटावर किंवा दंडावर सुई, नाहीतर आठवड्याला एक गोळी, असं काही घेतलंत काय?» हा प्रश्न लांबलचक आहे खरा, पण तेव्हापासून बरीच नावं बाहेर आलीत.

तर आता तुमच्या आईंच्या तोंडात काय आहे ते बघू. मी तोंड बघितलेलं नाही, त्यामुळं निदान ठोकून देणार नाही. पण काय-काय असू शकतं आणि ते कसं ओळखतात हे सांगता येतं.

पहिली गोष्ट, हे «तोंड येणं» नव्हे. साधा फोड दहा-पंधरा दिवसांत जातो. दोन-तीन आठवडे उलटूनही जी जखम भरत नाही, तिला मलम लावत बसायचं नसतं, कारण शोधायचं असतं. आणि जखमेच्या तळाशी हाड दिसत असेल तर मग प्रश्नच बदलतो. जखम का भरत नाही, यापेक्षा तिथलं हाड का मेलं, हे विचारावं लागतं. जिवंत हाडावर हिरडी आपोआप चढते. मेलेल्या हाडावर ती चढत नाही, कडेला येऊन थबकते. म्हणून तीन कोर्स झाले तरी फरक पडला नाही. अँटिबायोटिक रक्तातून जातं, आणि मेलेल्या हाडात रक्तच पोचत नाही.

घरी एकदा नीट बघा. आईंना खिडकीपाशी उजेडात बसवा, मोबाईलची बॅटरी लावा, स्वच्छ चमच्याच्या मागच्या बाजूनं जीभ हळूच बाजूला करा. उघडं हाड पिवळसर-पांढरं दिसतं, जुनं असेल तर करडं, कधी हिरवट झाक असलेलं. फुटक्या कपाच्या काठासारखं खरखरीत लागतं. गंमत म्हणजे त्या हाडाला बोट लावलं तर दुखत नाही आणि रक्तही येत नाही. दुखते ती भोवतालची लाल हिरडी, आणि त्या कडेवर घासून सोललेली जीभ. दाढेचा राहिलेला तुकडाही असा दिसू शकतो, म्हणून एक्स-रे लागतोच. पण चार महिन्यांनंतर आणि ती तीन इंजेक्शनं झाल्यावर माझी पहिली शंका तुकड्यावर जाणार नाही.

माझी पहिली शंका त्या इंजेक्शनवर जाते. वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते बहुतेक झोलेड्रोनिक ॲसिड असतं, ५ मिलिग्रॅमचं. डिस्चार्ज कार्डावर किंवा फाईलच्या आतल्या पानावर बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं असतं, ते बघा. कार्ड कन्नडमध्ये असो की मराठीत, स्टिकरवरचं औषधाचं नाव इंग्रजीतच असतं. याच कुळातली आठवड्याला एक घ्यायची गोळी असते, अलेंड्रोनेट. सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका असं जिच्याबद्दल बजावतात, ती. दर सहा महिन्यांनी कातडीखाली टोचतात ते डेनोसुमॅब. ते वेगळ्या कुळातलं आहे, पण जबड्याच्या बाबतीत त्याचीही हीच तऱ्हा.

हे औषध हाडाला काय करतं, हे खानापूरकडच्या माणसाला समजावणं सोपं आहे. तुमच्याकडं पावसाळ्याआधी कौलं चाळतात ना? छपरावर चढून एकेक कौल काढायचं, तडकलेलं फेकायचं, त्या जागी नवं बसवायचं. आपलं हाडही असंच बारा महिने चाळलं जातं. एका जातीच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या तिथं नवं भरतात. उतारवयात, विशेषतः बायकांत पाळी गेल्यावर, काढणारे जास्त आणि भरणारे कमी होतात. मग हाड पोकळ होतं आणि वाकून घागर उचलली तरी मणका दबतो. हे औषध काय करतं, तर कौलं काढणाऱ्यालाच घरी बसवतं. छप्पर रिकामं होत नाही, हाड टिकतं, पुढचे मणके वाचतात. पण एखादं नारळाचं झाड छपरावर पडलं, म्हणजे दाढ काढली, तर फुटकी कौलं काढायला माणूसच नाही! तुटलेलं तिथंच राहतं, आत पाणी झिरपतं, खालचे वासे कुजतात.

जबड्यावरच हे का येतं, मांडीच्या हाडावर का नाही? कारण जबड्यात हाडाचं हे चाळणं इतर हाडांहून जोरात चालतं. वर कातडी नाही, नुसती पातळ हिरडी. दात हिरडी भेदून बाहेर येतात, आणि तोंडात जंतूंचा बाजार कायम भरलेला. दंडाचं हाड असं उघड्यावर राहत नाही.

२००३ साली अमेरिकेतले सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी असे ३६ रुग्ण नोंदवले आणि दातांच्या डॉक्टरांचे डोळे उघडले. पण जबडा असा मरतो हे जगाला आधीच ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकात आगपेटीच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्या बायकांचे जबडे असेच सडायचे. १८४५ मध्ये व्हिएन्नात त्याची नोंद झाली, १८८८ मध्ये लंडनच्या काडेपेटी कामगार पोरींनी संप केला, आणि १९०६ च्या बर्न करारानं तो फॉस्फरस आगपेटीतून हद्दपार झाला. आजची ही औषधंही रसायनाच्या नात्यानं फॉस्फरसच्याच घरातली.  असो.

घाबरू नका म्हणून आकडा सांगतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या डोसात जबड्याला हे होणं विरळच असतं. या कुळातल्या औषधांत ते दहा हजारांत साधारण दोन ते पाच जणांत दिसतं. कॅन्सर हाडांत पसरलाय म्हणून दर महिन्याला जास्त डोस घेणाऱ्यांत मात्र शंभरात पाचापर्यंत जातं. तुमच्या आई त्या मोजक्या जणांतल्या असू शकतात, कारण तिथं साखर आहे, मिसरी आहे, हलणारी म्हणजे बहुधा आधीच पू धरलेली दाढ होती, आणि ती काढली गेली. असं सगळं एकदम जुळून आलं की धोका वाढतो.

आता पत्रातल्या त्या दुसऱ्यांची शंका. कॅन्सर. ती मी हसण्यावारी नेणार नाही. मिसरी म्हणजे जाळलेली तंबाखूच. ती हिरडीला आणि गालाच्या खोबणीला तासन्‌तास चिकटून बसते. आपल्या पट्ट्यात तंबाखूवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या पाठीशी उभं राहून रस्ता अडवला होता, तो भावासाठी. त्या तंबाखूनं घरात काय केलं, याचा हिशेब मात्र दातांच्या खुर्चीवर बसलं की निघतो. आणि तुमचा तो शब्द, «थोडीच». माझ्यासमोर बसलेल्या एकाही आईनं आजवर जास्त मिसरी लावलेली नाही, सगळ्या थोडीच लावतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि धारा काढताना एकदा.

कॅन्सरच्या जखमेची कड वेगळी असते. ती उचललेली, गुंडाळल्यासारखी वळलेली असते, बोटाला कडक लागते आणि स्पर्श झाला की रक्त येतं. मानेत दुखत नाही अशी गाठ लागते. औषधामुळं उघड्या पडलेल्या हाडाभोवतीची हिरडी लाल असते, सुजते, पण सहसा मऊ राहते. हे ढोबळ झालं. नुसत्या डोळ्यांनी खात्री देणाऱ्या डॉक्टरांवर मी विश्वास ठेवत नाही, स्वतःवर तर नाहीच. तुमच्या आईंच्या बाबतीत, मिसरी आहे म्हणून, जखमेच्या मऊ कडेतून छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा असं माझं मत. हाडाला हात न लावता तेवढं करता येतं. आणि सुई-सुरी लागली की कॅन्सर पसरतो, ही आपल्याकडची समजूत कृपा करून घराबाहेर ठेवा. पसरतो तो न तपासल्यानं, महिने घालवल्यानं. ही गोष्ट तुमच्या दोन्ही तटांना ऐकवा.

बाकीच्या शक्यता झटपट. चेहऱ्याला किंवा मानेला किरणांची ट्रीटमेंट झालेली असेल तर जबडा वर्षांनंतरही उघडा पडतो, तुमच्या पत्रात तसं काही नाही. वरचा जबडा असता, साखर फार वाढलेली असती, नाकातून काळपट खपली किंवा डोळ्याखाली सूज असती, तर मी काळ्या बुरशीचा विचार केला असता. २०२१ मध्ये कोरोनानंतर आपण ती भरपूर बघितली. तिथं आठवड्यांचा विचार करायला वेळ नसतो, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. आणि एक शक्यता सगळ्यात गरीब आहे, तीही सांगून ठेवतो.

खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेकडं, मागच्या दाढांच्या मुळाशी हाडाची एक कंगोरेदार रेघ असते. तिच्यावरची कातडी पापडाच्या पापुद्र्याइतकी पातळ. कधी जेवताना काही लागून, कधी काहीच कारण नसताना, तिथं फोड येतो आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढं हाड वर येतं. माणूस घाबरून येतो. आम्ही भूल देऊन चिमट्यानं ती कणी अलगद उचलतो, कड घासून गुळगुळीत करतो, आणि आठवडा-दोन आठवड्यांत तोंड बरं होतं. इंजेक्शन नाही, मिसरी नाही, असा चाळिशीचा शिक्षक आला तर मी आधी हेच शोधतो. तुमच्या आईंच्या बाबतीत जागा तीच आहे, जिभेच्या बाजूची, पण मागचा इतिहास तसा नाही.

आता कुठं न्यायचं ते. कोल्हापूरही नको आणि गोवाही नको, निदान आधी नको. खानापूरहून बेळगाव २५-२६ किलोमीटर. तिथं दोन दंत महाविद्यालयं आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं, शिवाय सिव्हिल म्हणतो ते जिल्हा रुग्णालय आहे. दंत महाविद्यालयात गेलात तर साध्या दातांच्या विभागात थांबू नका. तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग, ओरल सर्जरी, असं विचारा. आयुष्मान-आरोग्य कर्नाटक कार्ड वापरायचं असेल तर आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून रेफरलची चिठ्ठी घ्या, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतात आणि एक दिवस जातो. कार्ड त्या ठिकाणी आणि या उपचाराला चालतं की नाही, हे दाखल व्हायच्या आधी विचारा.

काउंटरवर कन्नडमध्ये बोलायची पाळी आली आणि तुम्ही «बायाग हुण्णु» म्हणालात, तर ते तोंड आलंय असं समजून तुम्हाला पुन्हा बी-कॉम्प्लेक्सच्या रांगेत बसवतील. «बायाग एलुबु काणाकत्तैति» म्हणा, तोंडात हाड दिसतंय. त्या एका शब्दानं रांग बदलते बघा.

बरोबर न्यायच्या गोष्टी. मणका दबला तेव्हापासूनची सगळी फाईल, तिन्ही इंजेक्शनांच्या तारखा, साखरेचे रिपोर्ट, आणि दाढ काढली तेव्हाची चिठ्ठी किंवा एक्स-रे, मिळाला तर. आमच्याकडं लोक ही कागदं कापडाच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून आणतात, तशीच आणा. आम्हाला पिशवी चालते, फक्त रिकामी नको.

तिथं काय होईल? आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ओपीजी म्हणतात तो. तो स्वच्छ आला म्हणून पेढे वाटू नका. साध्या एक्स-रेत हाडातला बिघाड दिसायला हाडातलं तीस ते पन्नास टक्के खनिज जावं लागतं. म्हणून बहुतेक वेळा सीबीसीटी म्हणजे जबड्याचा बारीक स्कॅन सांगतात. त्यात मेलेलं हाड किती, सुटं झालंय की चिकटलेलंय, खालच्या नसेपासून किती दूर आहे, हे कळतं. रक्तात साखरेचा तीन महिन्यांचा आकडा, हिमोग्लोबिन, किडनी, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. सीटीएक्स नावाची एक महागडी तपासणी कुणी सांगितली तर «त्यानं उपचार बदलणार आहे काय?» एवढं विचारा. बहुधा बदलत नाही.

औषधामुळं झालेलं आहे असं म्हणायला नियम असा आहे की औषध घेतलेलं असावं, जबड्याला किरणं दिलेली नसावीत, आणि हाड आठ आठवड्यांहून जास्त उघडं असावं. तुमचे चार महिने झाले, म्हणजे दुप्पट.

उपचार हाड किती बिघडलंय त्यावर आहेत. नुसतं हाड दिसतंय, पू नाही, दुखत नाही, तर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या चुळा दिवसातून दोनदा. आपल्याकडं बाटली बहुधा ०.२ टक्क्यांची मिळते, त्यात तेवढंच पाणी घालून करा. दात तपकिरी होतील, घाबरू नका, ते साफ होतात. जिभेला लागणारी टोकं डॉक्टर घासून बोथट करतात, आणि तेवढ्यानंच आईंचं निम्मं दुःख जाईल. पू आणि दुखणं असेल तर अँटिबायोटिक, आणि मेलेलं हाड काढून वर हिरडी ओढून शिवणं. पूर्वी आम्ही महिनोन्‌महिने नुसतं बघत बसायचो, हात लावला तर बिघडेल या भीतीनं. आता उलट दिसतंय, नीट तयारी करून मेलेलं हाड जिवंत हाडापर्यंत काढलं तर सुरुवातीच्या पायरीवरही जखम चांगली मिटते. अमेरिकेतल्या जबडा सर्जन संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही तसं आलंय. तेव्हा डॉक्टर ऑपरेशनचं म्हणाले तर लगेच दुसरीकडं पळू नका, आणि चुळांवर थांबू म्हणाले तर त्यांना काही येत नाही असंही समजू नका. हाड पार खालच्या कडेपर्यंत गेलेलं असेल, जबडा मोडला असेल किंवा पू हनुवटीखालून बाहेर फुटला असेल, तर मोठी शस्त्रक्रिया लागते. तुमच्या वर्णनावरून तिथवर गेलेलं वाटत नाही.

किती दिवस लागतील हे विचाराल. महिने लागतात. दिवाळीपर्यंत बरं होईल असं आईंना सांगू नका, उगाच दिवाळीची वाट बघत बसतील.

उरलेल्या दाढा काढून टाकाव्यात काय? नाही! हा प्रश्न वाचून मी पेन खाली ठेवलं होतं. काढलेल्या प्रत्येक दाढेची जागा उद्या तुमच्या आईंना अशीच दुसरी जखम देऊ शकते. खराब दाढ असली तरी जमेल तिथं रूट कॅनॉल करून मुळं आत ठेवतात. काढणं अगदी टळत नसेल तर जबड्याचा सर्जन तयारीनं काढेल. कवळीचाही विचार इतक्यात नको. सरकारी योजनेत फुकट मिळतेय म्हणून घाईनं कवळी बसवून तिचा काठ हिरडीवर घासला, तर तिथंही हाड उघडं पडू शकतं.

आणि चौथं इंजेक्शन. हा निर्णय तुमचा नाही, माझाही नाही. हाडांच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की जबड्याचं हाड उघडं पडलंय, पुढच्या महिन्याचा डोस थोडा थांबवायचा काय. बहुधा ते थांबवतील, कारण हे औषध हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं. दोन-चार महिने उशीर झाल्यानं मणका लगेच ढासळत नाही, आणि तीन वर्षांनंतर काहींना तसाही विसावा देतात. पण ही मोकळीक फक्त या इंजेक्शनला. सहा महिन्यांचं डेनोसुमॅब असतं तर मी हात जोडून सांगितलं असतं, परस्पर थांबवू नका. ते थांबवलं की हाडाची झीज उसळी मारून परत येते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. म्हणून तर स्टिकर बघायला सांगतोय.

एक गोष्ट घरच्यांनी मनात ठेवा. त्या इंजेक्शनला शिव्या देऊ नका. २००७ च्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत मणका दबण्याचं प्रमाण त्यानं ७० टक्क्यांनी आणि खुब्याचं हाड मोडण्याचं ४१ टक्क्यांनी कमी केलं होतं. खुबा मोडून खाटेवर पडलेली आई आणि तोंडात हाड दिसणारी आई, यातून निवडायचं झालं तर मी दुसरीच निवडीन. सुरू करायच्या आधी दात दाखवले असते, खराब दाढ दोन-तीन आठवडे आधी काढून जखम भरू दिली असती, तर बहुधा दोन्ही टळलं असतं. तुमच्या मावश्या, आत्या कुणी हे इंजेक्शन सुरू करणार असतील तर त्यांना मात्र आजच फोन लावा.

तोपर्यंत घरी काय? कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर चुळा. लवंगाचं तेल नको, तुरटी नको, हळद-लोणी नको. दुकानातून आणलेलं तोंडाचं मलमही बंद करा, त्यात कधी-कधी स्टेरॉइड असतं आणि ते जखम लवकर भरू देत नाही. मिसरी आजपासून बंद. आईंना ओरडून नव्हे, डबी लपवूनही नव्हे. तुम्हीच शेजारी बसून सांगा, हिरडी भरायला तंबाखू आडवी येतेय म्हणून. जेवायला मऊ भात, आमटी, भाकरी दुधात कुस्करून. चुरमुरे आणि भाजलेले शेंगदाणे काही दिवस नकोत, कणी त्या कपारीत जाऊन बसते. साखर आहे, तेव्हा कुणी कुंदा आणून दिला तर तुम्हीच खाऊन टाका.

खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर वाटायला लागली, जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळायला त्रास झाला, ताप भरला, तर ठरलेल्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. गिळताना किंवा श्वासाला अडखळत असेल तर रात्रीच.

आणि ते हाड तुम्ही ओढू नका. हलतंय असं वाटलं तरी नाही. जेवता-जेवता ते आपसूक निघून हातात आलं, तर लहानपणी पडलेला दात छपरावर टाकायचो तसं टाकू नका, चुलीतही नको. स्वच्छ धुतलेल्या डबीत घाला, वर तारीख लिहा आणि ती डबी त्या पिशवीतच ठेवा. आम्हाला तो तुकडाही तपासायला पाठवायचा असतो.